तंजावरचा भोसलेवंश-शिलालेख आणि कावेरीचें पाणी

तंजावर येथील बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर कोरलेला शके १७२५, म्हणजे इ. स. १८०३ चा मराठी शिलालेख या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या आज्ञेनें त्यांच्या पदरचे बाबूराव चिटणीस यांनीं रचलेलें हें भोसलेवंशाचें चरित्र मराठींतील सर्वांत विस्तृत शिलालेख म्हणून प्रसिद्ध आहे. राजराज चोळानें इ. स. १०१० मध्यें पूर्णतेस नेलेल्या, तमिळ लेखांनीं आधींच भरलेल्या देवालयांत आठशें वर्षांनंतर मराठी अक्षरें कोरलीं जावीं, ही गोष्ट कोणाही महाराष्ट्रीयास अभिमानाची वाटेल. परंतु अभिमान हें परीक्षणाचें साधन नव्हे. तंजावरच्या मराठी राज्याविषयीं लिहिणारा बहुतेक प्रत्येक जण या लेखापासून आरंभ करतो आणि पुष्कळ वेळां तेथेंच थांबतो. म्हणून हा लेख कोणत्या जातीचें साधन आहे, तो काय सांगूं शकतो आणि काय सांगूं शकत नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

१. काळाचें अंतर

पहिली कसोटी काळाची. व्यंकोजीराजांनीं तंजावर घेतलें तें इ. स. १६७५-७६ च्या सुमारास. शिलालेख कोरला गेला १८०३ सालीं. मध्यें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ गेला. शहाजीराजांच्या व शिवाजीमहाराजांच्या पूर्ववयाविषयीं तो जें सांगतो, त्याचें अंतर तर दीडशें वर्षांच्याही पुढें जातें. असें साधन परंपरेचें साक्षी असतें, प्रसंगाचें नव्हे.

यांतील विशेष असा कीं, त्याहून पुष्कळ जवळचे साक्षीदार पोथ्यांच्या रूपानें जपून ठेवलेले होते. शहाजीराजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचम्पू’ इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केला. परमानंदकृत ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं छापून पुढें आणलें. यांपैकीं ‘शिवभारता’ची पोथी तंजावरच्या सरस्वतीमहालानें राखिली. दोन्ही ग्रंथकार त्या काळचे. त्यांची वाणी काव्याची असली, अतिशयोक्ति तिच्या पदरीं असली, तरी त्यांनीं माणसें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. शिलालेख आणि हे ग्रंथ यांत जेथें भेद पडेल, तेथें दगडावरील लेखास केवळ तो दगडावर आहे म्हणून अधिक मान देणें हें न्यायाचें नाहीं. दगड टिकाऊ असतो. परंतु टिकाऊपणा आणि प्रामाण्य हे भिन्न गुण आहेत.

२. प्रयोजन

दुसरी कसोटी प्रयोजनाची. १८०३ सालींच हा लेख कां कोरविला गेला, हा प्रश्न विचारल्यावांचून त्याचें मर्म उलगडत नाहीं.

तुळजाजीराजे इ. स. १७८७ मध्यें वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं सरफोजी यांस दत्तक घेतलें होतें. परंतु त्या दत्तकावर आक्षेप निघाले. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक आहे, आणि त्याचें वयही अधिक आहे, असे ते आक्षेप होते. धर्मशास्त्राचा अभ्यास केलेल्यांस हे दोन्ही वाद ठाऊक आहेत. एकुलत्या पुत्राच्या दानाचा निषेध फार जुना आहे, तो केवळ उपदेशपर कीं दान मुळांतच रद्द करणारा, यावर निबंधकारांचा मतभेद आहे. तंजावरच्या पंडितांनीं प्रथम दत्तक अशास्त्र ठरविलें आणि तुळजाजींचे बंधु अमरसिंह गादीवर आले. पुढें दुसऱ्या पंडितांचीं मतें घेतलीं गेलीं, तीं उलट पडलीं, आणि कंपनी सरकारनें १७९८ सालीं अमरसिंहांस दूर करून सरफोजींस गादीवर बसविलें. अर्थात् ज्या राजाच्या आज्ञेनें हें वंशचरित्र कोरलें गेलें, त्या राजाचा वंशाधिकारच अकरा वर्षें वादग्रस्त होता. मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंत अखंड परंपरा भिंतीवर लिहविणें हें अशा राजाचें केवळ हौसेचें कृत्य नव्हे. तो त्याच्या हक्काचा दाखला आहे.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. ता. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें सरफोजींनीं देशाचा सर्व कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला व त्याच्या लगतचा थोडा भाग राहिला. वर्षास एक लाख होन आणि निव्वळ उत्पन्नाचा पंचमांश अशी नेमणूक ठरली. म्हणजे शिलालेखाच्या वेळीं हा राजा वंशाचा धनी होता, देशाचा नव्हता. शेत, पाट, बंधारा, सारा हें सर्व किल्ल्याच्या तटाबाहेर गेलें होतें. ज्याच्या हातीं केवळ वंश उरला, त्यानें वंशाचा इतिहास लिहविला. हें ध्यानांत घेतलें म्हणजे लेखाची व्याप्ति आणि मर्यादा दोन्ही एकदम स्पष्ट होतात. देश कशावर जगतो हा त्याचा विषयच नव्हे. लेखकाला त्याबद्दल दोष देण्याचें कारण नाहीं. दोष आहे तो वंशाच्या इतिहासास देशाचा इतिहास समजणाऱ्या आपणां वाचकांचा.

३. शहराचें स्थान

तर मग देशाचा इतिहास कोठें पाहावयाचा? प्रथम भूमीकडे पाहूं. आपल्या शाळांतून इतिहास आणि भूगोल यांचे तास निराळे असतात. ती वाटणी वेळापत्रकाच्या सोयीची आहे, परंतु संशोधनांतही आपण ती तशीच पाळीत आलों.

कावेरी नदी कुर्गांतील तलकावेरी येथें सह्याद्रींत उगम पावते व पूर्वेस वाहत जाऊन त्रिशिरापल्लीच्या वर दुभंगते. उत्तरेची शाखा कोळ्ळिडम्, दक्षिणेची कावेरी. त्यांच्या मध्यें श्रीरंगाचें बेट आहे. बेटाच्या पूर्व टोकाशीं दोन्ही प्रवाह पुनः जवळ येतात; तेथें कावेरीचें पाणी कोळ्ळिडमांत उतरून वायां जाऊं नये म्हणून बांधलेला पुरातन बंधारा आहे. तमिळ लोक त्यास कल्लणै, म्हणजे दगडी बांध, म्हणतात आणि करिकाल चोळाकडे त्याचें कर्तृत्व देतात. या बांधापासून खालीं नदीच्या शाखा पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरत समुद्राकडे जातात. तंजावरच्या उत्तरेस सात-आठ मैलांवर तिरुवैयारु हें गांव आहे. त्या नांवाचा अर्थच पांच नद्या असा आहे : वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टि आणि कावेरी.

तंजावर या पंख्याच्या मध्यभागीं नाहीं, कडेवर आहे. शहराच्या उत्तरेस व पूर्वेस काळी गाळाची भातजमीन, दक्षिण-पश्चिमेस वल्लमच्या बाजूची उंच, तांबडी, कोरडी भूमि. या दोन भूमींच्या सांध्यावर किल्ला व देवालय उभें आहे. भातशेतीचें उत्पन्न हाताशीं, परंतु पाया चिखलांत नव्हे : राजधानीस याहून उचित स्थान मिळणें कठीण. शहराच्या पाण्याची व्यवस्थाही या सांध्यास अनुसरून होती. उंच भूमीवरील पावसाचें पाणी शेवप्पा नायकाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शेवप्पनेरी तळ्यांत सांठवून तेथून देवालयाजवळच्या शिवगंगा तळ्यांत आणीत. म्हणजे शेतें नदीवर, आणि शहर बऱ्याच अंशीं पावसावर. मराठ्यांनीं ही व्यवस्था नायकांपासून घेतली, नायकांनीं तिचा पाया चोळांपासून घेतला. राजवंश तीन झाले, तरी पाण्याची व्यवस्था एकच राहिली.

४. दोन पावसांचा देश

हवेविषयीं महाराष्ट्रांतील वाचकाची बहुधा गैरसमजूत असते. पाऊस म्हणजे ज्येष्ठ-आषाढापासून भाद्रपद-आश्विनापर्यंत, हें आपल्या अंगवळणीं पडलेलें. पुण्यास मुठा चढते ती आपल्याच डोंगरांतील पावसानें, आणि त्याच वेळीं शहरांतही सरी पडत असतात. तंजावरास तसें नाहीं. तेथें वर्षास सुमारें ४० इंच पाऊस पडतो, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येच्या वाऱ्यानें येतो. परंतु नदी चढते ती त्याच्या आधीं, जुलै-ऑगस्टांत. तेव्हां तंजावरच्या आकाशांत पाऊस थोडाच असतो. तो पडलेला असतो कुर्गांत आणि सह्याद्रीच्या माथ्यावर. तमिळ आडि महिन्याच्या अठराव्या दिवशीं, म्हणजे ऑगस्टच्या आरंभीं, लोक नदीकांठीं जाऊन चढत्या पाण्याची पूजा करतात. ती दुसऱ्याच्या आभाळांतून आलेल्या पाण्याची पूजा आहे.

भाताचीं पिकें या दोन पाण्यांवर विभागलेलीं. ‘कुरुवै’ हें अल्पमुदतीचें पीक मुख्यतः नदीच्या पुरावर. ‘सांबा’ हें लांब मुदतीचें पीक नदीवर आरंभून ईशान्येच्या पावसावर पोसलेलें, पौष-माघांत कापणीस येणारें. नदी उशिरां आली तर पहिलें पीक जातें. ईशान्येचा पाऊस अति झाला तर उभें दुसरें पीक बुडतें.

हा भेद कालनिर्णयाच्या व कार्यकारणाच्या दृष्टीनें किती महत्त्वाचा आहे, हें दोन उदाहरणांनीं स्पष्ट होईल. महाराष्ट्रांत दसऱ्यास पाऊस सरतो आणि मोहिमा निघतात; तंजावरास दसऱ्याच्या सुमारास मोठा पाऊस यावयाचा असतो. नबाब महंमदअली व कंपनी यांच्या फौजांनीं १७७३ सालीं तंजावरचा किल्ला सर केला तो सप्टेंबरांत, ईशान्येच्या पावसापूर्वीं. त्या देशांत वेढ्याचें गणित कार्तिकापूर्वीं संपवावें लागतें. दुसरें उदाहरण आपल्या अधिक जिव्हाळ्याचें. शिवाजीमहाराज कर्नाटकाच्या स्वारींत इ. स. १६७७ च्या जुलैंत कोळ्ळिडमच्या उत्तरतीरीं तिरुमळवाडीस उतरले. व्यंकोजीराजे तेथें भेटीस आले आणि पुढें रात्रीं नदी ओलांडून परत गेले. महाराज तंजावरावर चालून गेले नाहींत. बखरकार या प्रसंगाचा विचार बंधुप्रेम, बंधुकलह आणि वडिलार्जित वांटणी या तीन शब्दांत आटोपतात. त्या तीन गोष्टींचें महत्त्व कमी नाहीं. परंतु जुलै हा कोळ्ळिडमच्या चढत्या पाण्याचा काळ आहे, आणि तिरुमळवाडीहून तंजावरास जाणाऱ्या फौजेस कोळ्ळिडमनंतर कावेरी व तिच्या शाखा एकामागून एक ओलांडाव्या लागतात. महाराजांच्या निर्णयांत नदीचा भाग किती होता हें तर्कानें ठरवावयाचें. पण ज्या विवेचनांत नदीचें नांवही येत नाहीं, तें विवेचन पूर्ण म्हणतां येत नाहीं.

५. पाण्यावरील सत्ता

तंजावरच्या राज्याची खरी दुबळी बाजू हीच कीं, त्याचें जीवन ज्या पाण्यावर, त्या पाण्याचीं दारें त्याच्या हद्दीबाहेर. शत्रूंनीं हें ओळखलें होतें. म्हैसूरच्या चिक्कदेवरायानें कावेरीस बांध घातल्यामुळें इ. स. १७०० च्या सुमारास खालचा देश कोरडा पडूं लागला, तेव्हां तंजावरचे शहाजीराजे आणि मदुरेची राणी मंगम्माळ एरवींचें वैर विसरून एक झाल्याचें जेसुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून कळतें. पुराच्या लोंढ्यानें बांध फुटला आणि स्वारीचें कारण उरलें नाहीं. हेच ते शहाजीराजे, ज्यांनीं १६९३ सालीं कुंभकोणमजवळ तिरुविशनल्लूर हें गांव चाळीसांहून अधिक विद्वानांस अग्रहार दिलें. संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासांत त्या अग्रहाराचें नांव आदरानें घेतलें जातें. परंतु अग्रहार म्हणजे पंडितांची केवळ सभा नव्हे. तें भात पिकविणारें गांव आहे. पाट वाहता राहिला नाहीं तर व्याकरण आणि नाटक दोन्ही उपाशी राहतात.

पुढें त्रिशिरापल्ली नबाबाच्या हातीं गेली आणि कल्लणैच्या बांधाची डागडुजी हा राजकारणाचा प्रश्न झाला. बांध दुरुस्त करण्यास तंजावरकर उत्सुक, परवानगी देण्यास नबाब नाखूष; इ. स. १७६४ च्या सुमारास कंपनीच्या मद्रास येथील अधिकाऱ्यांस मध्यें पडावें लागलें. ज्या राजास आपल्या शेतांच्या पाण्याकरितां शेजाऱ्याची आणि व्यापाऱ्याची मर्जी पाहावी लागते, त्याचें स्वातंत्र्य तहनाम्यापूर्वींच अर्धें गेलेलें असतें. १७७३ ते १७७६ या नबाबी अंमलाचा व १७८१ मधील हैदराच्या स्वारीचा फटका देशास बसला. दुसरीची आठवण त्या प्रांतांत फार दिवस राहिली.

आतां १८०३ सालच्या शिलालेखाशेजारीं १८०४ सालची एक गोष्ट ठेवूं. त्या वर्षीं कंपनीचा अभियंता कॅप्टन कॉल्डवेल यानें कावेरीच्या पाण्याची पाहणी केली. कोळ्ळिडमचें पात्र खोल होत जाऊन पाणी तिकडे ओढलें जातें आणि कावेरी गाळानें भरून येते, असें त्याच्या दृष्टीस आलें. म्हणून कल्लणैची उंची वाढविण्याचा उपाय त्यानें सुचविला व तो अमलांत आला. पुढें १८३६ मध्यें आर्थर कॉटन यानें कोळ्ळिडमच्या मुखाशीं वरचा बंधारा बांधला. १९३४ सालीं मेट्टूरचें धरण पुरें झालें. एका वर्षाच्या अंतरानें दोन लेख झाले : एक भिंतीवर, एक कचेरींत. एकांत राजा कोण याचें उत्तर आहे, दुसऱ्यांत पाणी कोणाचें याचें. पहिला मराठींत आहे म्हणून आपण वाचतों. देशाचें पुढील शतक ठरविलें तें दुसऱ्यानें.

हा प्रश्न जुना म्हणून मिटलेलाही नाहीं. कावेरीच्या वांटणीवर न्यायाधिकरणाचा निवाडा २००७ सालीं झाला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ सालीं. तरी कमी पावसाच्या वर्षीं वाद पुनः उभा राहतो.

६. कोणते कागद आधीं?

मग पाण्याचा इतिहास मराठी साधनांत नाहींच काय? आहे, परंतु तो भिंतीवर नाहीं, रुमालांत आहे. तंजावर दरबाराचें दप्तर मोडींत आहे. रोजचा खर्च, देवस्थानें, छत्रें, अन्नदान, गांवांचे हिशेब, कामगारांची मजुरी असे विषय त्यांत येतात. वंशावळीच्या शोधकास हे कागद नीरस वाटतात. पण पाट उपसण्यास माणसें किती लागलीं, भाताचा भाव कोणत्या मासांत चढला, छत्रांत जेवणारे कोणत्या वर्षीं वाढले, हें कळण्याची आशा अशाच कागदांवर ठेवावी लागते. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानें १९८९ सालीं या मोडी कागदांपैकीं कांहींचे तमिळ अनुवाद छापले. ज्यांची ती मातृलिपि नव्हे त्यांनीं हें काम केलें; ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं मोडींत पत्रें लिहिलीं, त्यांचें लक्ष मात्र अजून बखरींवर आणि वंशावळींवर अधिक आहे.

पोथ्या जमविणाऱ्यांनीं आणखी एका गोष्टीचा विचार करावा. ज्या हवेचें वर्णन वर केलें, तीच हवा या कागदांची शत्रु आहे. चैत्र-वैशाखाचा कोरडा ताप ताडपत्रास ठिसूळ करतो, आणि आश्विन-कार्तिकाची ओल कागदास बुरशी आणते. कसर आणि वाळवी बारा महिने. ताडपत्रांस तेलाचा हात देणें, कपाटांत वेखंडादि उग्र वासाच्या द्रव्यांच्या पुरचुंड्या ठेवणें, पोथी घट्ट बांधणें हे उपाय सरस्वतीमहालांत जुने आहेत, आणि त्यांच्यामुळेंच तेथील तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितें व त्यांच्या कित्येक पट संस्कृत ग्रंथ आपणांपर्यंत पोंचले. डॉ. बर्नेल यांनीं १८८० सालीं तेथील संस्कृत ग्रंथांची सूचि छापली, १९१८ सालीं तें ग्रंथालय लोकांस खुलें झालें. ग्रंथांस सूचि मिळाली, संपादक मिळाले. हिशेबाच्या रुमालांचें भाग्य तसें नाहीं. ओल लागलेला ग्रंथ दुसऱ्या प्रतीवरून शुद्ध करतां येतो. हिशेबाच्या कागदास दुसरी प्रत नसते.

म्हणून भोसलेवंश-शिलालेखाचें मूल्य ठरवितांना असें म्हणावेंसें वाटतें. सरफोजींच्या दरबारास आपल्या कुळाची कोणती परंपरा मान्य होती, हें जाणण्यास तो प्रथम श्रेणीचें साधन आहे. सतराव्या शतकांतील प्रसंगांकरितां तो दुय्यम असून समकालीन ग्रंथांनीं पडताळून घ्यावा लागतो. तंजावर देशाच्या इतिहासाकरितां तो केवळ आरंभ आहे. त्याच्या प्रत्येक वाचकानें भिंतीवरून दृष्टि काढून एकदां उत्तरेच्या वडवारुकडे वळवावी आणि मग रुमालाची गांठ सोडावी. १८५५ सालीं दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झालें. वंशाचा लेख तेथें संपला. भिंतीवरील अक्षरें आणखी शतकें टिकतील, त्यांची काळजी दगड घेईल. मोडी जाणणारे मात्र दर पिढीस कमी होत आहेत, आणि कागदास प्रत्येक कार्तिक जड जातो. ज्यांस मोडी वाचतां येते त्यांनीं वंशाची आणखी एक शाखा शोधण्यापूर्वीं पाटाचा एक हिशेब वाचून काढावा, एवढीच या परीक्षणाच्या अखेरीस विनंति आहे.